बोर्डाच्या टोकावरचा कॅमेरा

माझ्या थोरल्या जावेच्या बोर्डावर कॅमेरा मीच बसवला, आणि पक्का बसवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की मी तो मुद्दाम ढिला ठेवला असणार. तीन वर्षं डूख धरून बसलेल्या बाईकडून लोक तेवढीच अपेक्षा करतात. पण ढिल्या कॅमेऱ्याने काय साधलं असतं? कॅमेरा समुद्राच्या तळाशी, चार दिवस जावेची कीव, आणि दोष माझ्या हाताला. असला कच्चा सूड मला नको होता. मला ती दिसायला हवी होती, सगळ्यांना आणि अगदी जवळून.

आमचं घर म्हणजेच सर्फिंगची शाळा. वर आम्ही राहतो, खाली वर्ग आणि कपडे बदलायच्या खोल्या, मागे पत्र्याची शेड. शाळा सासऱ्यांनी काढली. दोन्ही मुलगे तिथेच वाढले आणि दोघांनीही शिकायला आलेल्या मुलींशीच लग्न केलं. त्यामुळे घरात दोन सुना, दोघी पाण्यातल्या. थोरली पाण्यात शिकवते. मीही शिकवायचे. आता मी शेडमध्ये असते, तुटलेले बोर्ड जोडते, भेगा बुजवते, घासते, आणि हौशी मंडळींच्या बोर्डांवर कॅमेरे बसवून देते. मोठे दीर शाळेचं नावनोंदणीचं काम बघतात. माझा नवरा व्हॅन चालवतो आणि घरात आवाज चढला की टायरमधली हवा तपासायला खाली जातो.

मी शेडमध्ये कशी आले ते सांगते. लाटेचा एकच नियम असतो. लाट जिथे फुटायला लागते त्या जागेच्या जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी बाजूला राहायचं. सात वर्षांच्या पोरांना आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या लाटेवर मी उठत होते, लाट माझी होती, आणि थोरली माझ्या पुढ्यात घुसली. तिचा बोर्ड माझ्या बोर्डावर आदळला, माझ्या बोर्डाचे दोन तुकडे झाले आणि मी दोन लाटा पाण्याखाली राहिले. वर आले तेव्हा डाव्या भुवईवरून रक्त वाहत होतं. चार टाके पडले.

टाक्यांचं मला काही नाही. पण दवाखान्यातून घरी आले तर जाऊबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ऐन वेळी हिने भीतीने डोळे मिटले, ही जागच्या जागी थिजली, आणि हिला चुकवायला जाऊन मी मधे आले. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं होतं की माझं ओरडणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबाच ठरल्या. दिरांनी त्याच संध्याकाळी माझं नाव ठेवलं, लाजाळू. हात लावला की पानं मिटतात ते झाड. आठवड्याभरात सगळी शाळा मला लाजाळू म्हणायला लागली. सासरे कधी म्हणाले नाहीत, पण एक दिवस म्हणाले की जखम भरेपर्यंत शेडचं बघ. जखम तीन आठवड्यांत भरली. शेडमधून मला परत कोणी बोलावलं नाही, आणि मी जावेला पाण्यात पाहत राहिले, दोन्ही अर्थांनी.

या वर्षी सासऱ्यांचे गुडघे गेले. किनाऱ्याला उतरायला एकोणचाळीस पायऱ्या आहेत, त्या त्यांना जमेनात. त्यांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची. पाण्यात कोण जाईल, कधी जाईल, किती लांब जाईल आणि बाहेर केव्हा येईल, हे सगळं त्या शिट्टीवर चालायचं. ज्याच्या गळ्यात शिट्टी त्याची शाळा. एका सोमवारी सकाळी त्यांनी सांगितलं की आता ती कोणाला तरी द्यायची. मोठ्या दिरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने चहाच्या कपाकडे पाहिलं, जणू काही ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, "बाबा, मलाही हवी आहे."

दिरांना ठसकाच लागला. नवरा खुर्चीवरून अर्धवट उठला. टायरची आठवण झाली असावी. सासऱ्यांनी मात्र मान हलवली. म्हणाले, दोघींनी पंधरा दिवसांत आपापल्या बोर्डावर कॅमेरा बसवायचा, पुढच्या टोकाला, तोंड मागे करून. किनाऱ्यावरून काढलेलं नको. दुर्बिणीतून मला मुंग्या दिसतात. मला लाट बघायची नाही, लाटेवरचं माणूस बघायचंय. मग ठरवू.

मला तर आकाश ठेंगणं झालं.

जावेचा बोर्ड आधी आला. टोकापासून वीतभर मागे खूण केली. तिथलं मेण खरवडून काढलं. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेण चोळतात, पण कॅमेरा अडकवायच्या माउंटच्या चिकटपट्टीखाली नखाएवढं जरी राहिलं तरी दुसऱ्या लाटेला सगळं निघून येतं. मग स्पिरिटने तीनदा पुसलं, पट्टी हाताने ऊब देऊन लावली आणि अंगठ्यांनी दाबून धरली, मनातल्या मनात साठ मोजून. त्यावर एक दिवस बोर्डाला हात लावायचा नाही. लोक इथेच घाई करतात आणि मग रडत येतात. दुसऱ्या दिवशी काड्यापेटीएवढा कॅमेरा त्याच्या पारदर्शक डबीत बसवला, डबीची दोरी वेगळ्या कडीला बांधली, आणि आमच्या शेडच्या रिवाजाप्रमाणे नुसत्या माउंटला धरून अख्खा बोर्ड दहा अंकांपर्यंत उचलून दाखवला. जाऊ दारात उभी राहून बघत होती. काचेवर थेंब धरू नयेत म्हणून पाण्यात शिरताना काचेला जीभ लावायची आणि ती बुडवायची, हे मी सांगितलं. तिने "हं" केलं. आमच्यात तीन वर्षं एवढंच बोलणं होतं, मी सांगायचं आणि तिने हं करायचं.

माझ्या बोर्डाचं काय, असं सासऱ्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं की शेपटीकडे भेग आहे. ती बुजवली. मग घासायचं राहिलं होतं. मग वारा उलटा होता. मग शाळेचे सहा बोर्ड एकदम आले. कामाच्या माणसाला काम सोडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी फार बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी जावेने कॅमेऱ्यातलं कार्ड आणून दिलं. कार्डांचं आणि वायरींचं काम शेडमध्ये माझंच असतं. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि केस पिळत निघून गेली. काय आलंय ते तिने स्वतः पाहिलंही नव्हतं. मी लॅपटॉप लावला तो दात-ओठ खातच. मनात होतं की कुठे पाय चुकला असेल, कुठे दुसऱ्याच्या लाटेत घुसली असेल, काहीतरी सापडेलच.

पहिल्या दोन लाटांत काही सापडलं नाही. ती सुरेख उठत होती, हे मला कबूल करावं लागलं. तिसऱ्या लाटेला मी चित्र थांबवलं ते चहा घ्यायला. चहा घेऊन वळले तर पडद्यावर तिचा चेहरा होता, हातभर अंतरावर. लाट मागून उचलत होती, बोर्डाचं टोक खाली झुकलं होतं, हात टेकवून ती अंग उचलत होती, आणि तिचे डोळे गच्च मिटलेले होते. इंजेक्शनच्या वेळी लहान मुलं मिटतात तसे. मी मागे जाऊन पहिली लाट पाहिली. मिटलेले. दुसरी. मिटलेले. उठताना मिटायचे, पाय रोवले की उघडायचे. अकरा लाटा होत्या, अकराही वेळा तेच.

मी शेडचं दार आतून लावून घेतलं. आनंद इतका झाला होता की कोणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते. तीन वर्षं जो शिक्का माझ्या कपाळावर मारला तो बाईसाहेबांच्या स्वतःच्या डोळ्यांवर होता. लाजाळू कोण ते आता घरादाराला कळणार होतं. उट्टं काढायची अशी संधी माणसाला जन्मात एकदा मिळते. मी ते अकरा क्षण तेवढे कापून काढले आणि एकापुढे एक जोडले. सतरा सेकंदांची फिल्म झाली. नुसते डोळे, मिटताना.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर खालच्या वर्गात बसलो. भिंतीवर मोठा टीव्ही आहे, विद्यार्थ्यांना चुका दाखवायला. सासरे पुढच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण. दीर त्यांच्या शेजारी. जाऊ खिडकीपाशी उभी. नवरा दाराजवळ. मी सांगितलं की आधी एक छोटं दाखवते, मग बाकीचं.

सतरा सेकंद फार मोठे असतात. पहिल्या तीन-चार डोळ्यांना दीर हसले, त्यांना वाटलं काहीतरी गंमत केली आहे. सहाव्या-सातव्याला त्यांचं हसू उतरलं. मी टीव्हीकडे बघतच नव्हते. मी जावेकडे बघत होते, कारण त्याचसाठी हे सगळं केलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला, मग कानांपर्यंत लाल झाला. पण तिने मान खाली घातली नाही. शेवटपर्यंत पडद्याकडे पाहत राहिली. खरं सांगायचं तर एवढं मला अपेक्षित नव्हतं, आणि त्याचाही राग आला.

"हे कापलेलं आहे. अख्खं लाव," सासरे म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, अख्ख्यातही हेच आहे. त्यांनी नुसता हात पुढे केला, म्हणजे लाव. मग अकराच्या अकरा लाटा पहिल्यापासून पाहाव्या लागल्या. मिटलेल्या डोळ्यांच्या पुढचंही आता दिसायला लागलं. डोळे उघडायचे आणि बाई लाटेच्या भिंतीवर अशी वळायची की सासऱ्यांची बोटं पांघरुणावर तिच्याबरोबर वळायची. खोलीत फक्त पाण्याचा आवाज होता. माझ्या हातात आलेलं काहीतरी निसटत चाललंय असं मला वाटायला लागलं, पण काय ते कळेना.

संपल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, "यात पडली किती वेळा?"

ते मलाच सांगावं लागलं. "एकदाही नाही."

दिरांनी बायकोला विचारलं की हे कधीपासून. ती खिडकीपाशीच उभी होती. म्हणाली, "हिचं कपाळ फुटलं त्या दिवसापासून. उठताना तेच दिसतं. मिटून घेते आणि उठते."

मी आता सोडणार नव्हते. म्हटलं, "मग त्या दिवशी डोळे कोणाचे मिटले होते? घरात सांगितलंत ते काय होतं?"

ती माझ्याकडे वळली. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली, "तुझे मिटले होते का, ते मला दिसलंच नव्हतं. लाट तुझी होती. मी मधे घुसले. मला भीती वाटली बाबा काय म्हणतील, म्हणून तुझ्यावर ढकललं."

झालं. तीन वर्षं ज्या वाक्यासाठी मी झुरत होते ते आमच्या वर्गात, भर दुपारी, साध्या आवाजात बोलून झालं. दिरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. नवऱ्याने चक्क दार सोडून पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जिंकले होते. मी जिंकले आहे असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

सासरे थोरल्या सुनेला फार बोलले. ते कधी ओरडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तिला इतकं सुनावलं की माझंही मन भरलं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसा पश्चात्ताप नव्हता. होता तो उत्साह. म्हणाले, "तुझ्यावर अन्याय झाला. मोठा झाला. आता तुला अडवायला कोणी नाही. उद्या तुझा कॅमेरा लाव."

शेपटीची भेग, वारा, शाळेचे सहा बोर्ड, एकही कारण तोंडावर आलं नाही. मी मान हलवली.

माझा बोर्ड मी त्याच दुपारी काढला. मेण खरवडायची गरजच नव्हती, त्याच्यावर तीन वर्षांत मेण चढलंच नव्हतं. पुसून पट्टी लावली, दाबून धरली, साठ मोजले. हाताला काम असलं की मला बरं वाटतं. सकाळी शेडमध्ये आल्यावर पट्टी तपासली. पूर्ण दिवस झाला नव्हता, पण उन्हात ठेवलेल्या बोर्डावर ती लवकर धरते, आणि उचलून पाहिल्यावर दहा अंकांपर्यंत हललीही नाही. कॅमेऱ्याच्या डबीत ओल शोषणाऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या सरकवल्या. थंड पाण्यात डबीच्या आतून वाफ धरते आणि सगळं धुकं धुकं येतं, म्हणून तो कागद. शाळेतल्या प्रत्येकाला मी त्या कागदावरून कधी ना कधी झापलेलं आहे. मग मी काचेला जीभ लावली, ती बुडवली, बटण दाबलं आणि पाण्यात शिरले.

लाटा मोठ्या नव्हत्या. छातीएवढ्या, स्वच्छ, एका बाजूने फुटणाऱ्या. चांगल्या शिकवणीच्या लाटा. मी आत गेले, बोर्डावर बसले आणि वाट पाहू लागले. पहिली फार लहान होती. दुसरी वाकडी होती. तिसरी बरी होती, पण मी नुकतीच बसले होते. चौथी सुरेख आली, माझ्या अगदी हाताशी. मी वळले, पोटावर पडले, हात मारले, लाटेने मागून उचललं, टोक खाली झुकलं, आणि माझे हात आपोआप बोर्डाच्या कडांना चिकटले. मी अंग मागे ओढलं. लाट माझ्याखालून निघून गेली आणि पुढे जाऊन एकटीच फुटली.

पुन्हा बसले. पुन्हा वळले. पुन्हा मागे ओढलं. त्यानंतर मी किती वेळा तसं केलं ते सांगत नाही, कार्डात आहे. आणि डोळे मिटले का? नाही. एकदाही नाही. डोळे सताड उघडे होते. मला सगळं दिसत होतं, लाटेची कड, खालचं रिकामं पाणी, कॅमेऱ्याच्या काचेतलं माझं स्वतःचं बारीक तोंड. मला भीती वाटत होती. नुसती भीती, तीन वर्षं शेडमध्ये बसून वाढवलेली, आणि तिच्यात जावेचा काडीचा हात नव्हता. त्या दिवशी काय झालं ते तिचं होतं. त्याच्यानंतरचा प्रत्येक दिवस माझा होता. रोज सकाळी मी शेडचं कुलूप काढत होते आणि त्याबद्दल तिला शिव्या देत होते.

कॅमेरा डबीसकट काढून समुद्रात सोडून द्यावा असंही मनात आलं. दोरी सोडायला दोन सेकंद लागले असते. पण पायऱ्यांच्या तळाशी जाऊ उभी होती, हाताची घडी घालून, माझ्याकडेच बघत. शेवटी मी पोटावरच पडून, फेसाबरोबर वाहत किनाऱ्याला आले. पहिल्या दिवसाची पोरं येतात तशी.

तिने हात पुढे केला. "कार्ड दे."

मी म्हटलं, आधी मी बघते.

"माझं मी न बघता दिलं होतं," ती म्हणाली.

ओल्या बोटांनी मी डबी उघडली आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं. ती माझ्याच शेडमध्ये गेली, माझ्याच स्टुलावर बसली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर नळाखाली बोर्ड धूत उभी राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता, मी धूतच होते. आतून पाण्याचा आवाज येत होता, मी नुकताच ऐकलेला, त्याच क्रमाने. तिने काही पुढे ढकललं नाही. त्रेचाळीस मिनिटं होती ती तिने त्रेचाळीस मिनिटं पाहिली. सतरा सेकंदांचा हिशेब ती कसा करणार, एवढाच विचार डोक्यात होता. मोठा टीव्ही, सगळे बसलेले, मी मागे ओढते, मागे ओढते, मागे ओढते. तिने मला काही सवलत द्यावी असं मी काय केलं होतं?

संध्याकाळी चहाला सगळे वर जमले. सासऱ्यांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली होती. म्हणाले, चला खाली, बघू.

जाऊ म्हणाली, "बघण्यासारखं काही आलं नाही, बाबा. काचेवर आतून वाफ धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरं धुकं आहे. कागद घालायला विसरली असेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने मला झाकलं होतं. आणि झाकायला तिने नेमकी तीच एक चूक उचलली होती जी मी झोपेतही केली नसती, जिच्यावरून मी गेली तीन वर्षं प्रत्येकाला नावं ठेवली होती. दीर कालपासून माझ्याशी फार आदराने बोलत होते, तेही आता हसले. म्हणाले, कागदवाली बाईच कागद विसरली, हे सगळ्यांना सांगायला पाहिजे. नवऱ्याने दयेने माझ्याकडे पाहिलं.

सासरे हसले नाहीत. त्यांनी मला सरळ विचारलं, "विसरलीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जाऊ सोडून. ती चहा ढवळत होती. मी "नाही" म्हटलं असतं तर सगळे खाली उतरले असते आणि टीव्ही लागला असता. "नाही" म्हणायला माझी जीभ अक्षरशः उचलली होती. माझ्या हाताच्या कामाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

"विसरले, बाबा," मी म्हटलं.

त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. नवरा म्हणाला की हिला अजून एक दिवस द्या. मीच म्हटलं, नको, वहिनींना द्या, त्या अकरात एकदाही पडल्या नाहीत. हे ऐकून सासऱ्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक आलं. ते कौतुक घेताना मला जमिनीने गिळावं असं झालं. त्यांनी शिट्टी जावेच्या हातात दिली. तिने ती गळ्यात घातली आणि कॉलरच्या आत सरकवली.

कप घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. ती मागून आली. नळ चालू होता, बाहेर दीर आणि नवरा व्हॅनबद्दल बोलत होते. मी तिच्याकडे न बघता विचारलं की मला का वाचवलंत. माझ्या आवाजात थोडी कृतज्ञताही होती, ती मला लपवता आली नाही.

"वाचवलं कोणी?" ती म्हणाली. कप पुसता पुसता अगदी सहज म्हणाली, जशी काल खिडकीपाशी बोलली होती तशीच. "माझं तू सगळ्यांना दाखवलंस. त्यांनी पाहिलं, बाबा बोलले, ते संपलं. आज सकाळी मी पाण्यात गेले तेव्हा हलकी होते. तुझं फक्त मी पाहिलंय."

तिने खिशातून कार्ड काढलं. मला वाटलं देते आहे, म्हणून मी हात पुसून पुढे केला. तिने ते मला नीट दिसेल इतका वेळ बोटांत धरलं, मग आपल्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चेन वर ओढली.

"उद्या सहाला खाली ये," ती म्हणाली. "मुलं यायच्या आत. बोर्ड घेऊन."

मी म्हटलं, येते.